मरतूक किती झाली, आणि केव्हा झाली

नमस्कार. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, एफसीआरविषयीच्या (एक किलो वजनामागे किती किलो खाद्य लागले, त्या आकड्याविषयीच्या) माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. दोन शेडमध्ये मरतूक सारखीच पाच टक्के असेल, तर एफसीआरमधला फरक केवळ खाद्याच्या दर्जामुळे पडतो, हा पहिला. आणि मी त्याचे खापर पाळणाऱ्यावर फोडतो, हा दुसरा. दुसऱ्याकडे नंतर वळतो, पण पहिला मला मान्य नाही.

समजा, 1000 पिल्लांपैकी 950 पक्षी 2 किलोचे होऊन विकले गेले आणि प्रत्येकाने 3.2 किलो खाद्य खाल्ले. मेलेले 50 पक्षी पहिल्याच आठवड्यात, सरासरी 100 ग्रॅम खाऊन गेले असतील, तर एकूण 3045 किलो खाद्यात 1900 किलो वजन मिळाले, म्हणजे एफसीआर 1.60. तेच 50 पक्षी विक्रीसाठीची उचल तोंडावर आली असताना, प्रत्येकी अडीच किलो खाऊन मेले, तर खाद्य 3165 किलो होते आणि एफसीआर 1.67 वर जातो. खाद्य तेच, मरतूकही तेवढीच. तरी 5000 पक्ष्यांच्या शेडला हा फरक 600 किलोंचा, म्हणजे 50 किलोच्या 12 पोत्यांचा पडतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उघड्या शेडमध्ये ही उशिराची मरतूक बहुधा एप्रिल-मेच्या दुपारी होते, कारण खाल्लेले पचवताना शरीरात उष्णता तयार होते आणि ती धापा टाकूनच बाहेर काढावी लागणाऱ्या भारी पक्ष्याला बाहेरची हवाही साथ देत नाही. म्हणून भर उन्हाच्या तासांत फीडर वर उचलून खाद्य पहाटे आणि रात्री द्यावे, असे मी आग्रहाने लिहिले होते. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवण्याचा मुद्दाही हिशेबाचाच आहे: शेडमध्ये अंथरलेल्या तुसात सांडलेले खाद्य हिशेबात खाल्लेलेच धरले जाते, आणि वरच्या उदाहरणात 100 किलो सांडले तरी एफसीआर 0.05 ने वाढतो.

आता दुसरा आक्षेप. तो बऱ्याच अंशी रास्त आहे. कंपनीशी करार करून पक्षी पाळणाऱ्याच्या हाती ना मका-सोयापेंडीचे प्रमाण असते, ना पिल्लांची प्रत. तरीही एफसीआर बिघडला की संगोपन दरातली (पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यातली) कपात त्याच्याच माथी येते, आणि हे मी लेखात स्पष्टपणे लिहायला हवे होते. पोत्यातल्या गोळ्यांचा भुगा झाला असेल तर पक्षी त्यातून गोळ्या निवडत बसतो व बराचसा भुगा वाया जातो. म्हणून गाडी उतरवतानाच काही पोती वजन करून घ्यावीत, एक चाळून भुगा वेगळा मोजावा आणि तो आकडा बॅचच्या नोंदवहीत कंपनीच्या सुपरवायझरच्या सहीनिशी लिहून घ्यावा. आपल्या दोन्ही शेडची रोजच्या मरतुकीची नोंद कळवलीत, तर हाच हिशेब त्या आकड्यांवर करून पाहता येईल.