हात थरथरत असेल तर सुरी खाली ठेवा

पहिल्या कोंबड्याला मला दोनदा कापावं लागलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच लिहितेय.

खुडूक कोंबडीखाली १४ अंडी ठेवली होती. २१व्या दिवशी ११ पिल्लं बाहेर आली आणि त्यातले ६ नर निघाले. पिल्लं उबवली की साधारण निम्मे नर निघणार, हे आधीपासून ठाऊक होतं. तरी चार महिने मी तो विचार पुढे ढकलत राहिले. मग कोंबडे एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले, एकाचा तुरा फाटला, दोन तलंगांच्या, म्हणजे तरुण माद्यांच्या, पाठीवरची पिसं जाऊन उघडी कातडी दिसायला लागली. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. माझ्याकडे पाच तलंगा आणि एक जुनी कोंबडी, त्यांच्यामागे सहा कोंबडे. कुणाला देऊन टाकावेत तर घेणारा तेच करणार होता, फक्त माझ्या नजरेआड. आम्ही मांस खाणारी माणसं आहोत. ज्यांना मी रोज सकाळी दाणे टाकले त्यांचा शेवट दुसऱ्या कुणाच्या घाईवर सोपवायचा नाही, असं मी ठरवलं.

यावर दोन प्रकारची माणसं भेटली. एक म्हणायची, "हाताने वाढवलेलं मारवतं कसं तुला?" दुसरी म्हणायची, "कोंबडीच तर आहे, त्यात काय एवढं!" मला दोन्ही बोलणी पटत नाहीत. पहिल्यांना एवढंच सांगेन, की अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींमध्ये नर पिल्लांचा काही उपयोग नसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ती जन्मल्या दिवशीच मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली, पण जगात बऱ्याच ठिकाणी ते चालूच आहे. म्हणजे नुसती अंडी खाणाऱ्याच्या ताटातही हा प्रश्न असतोच. दुसऱ्यांना सांगायचं ते खाली येईलच.

मला हे शिकवलं शेजारच्या काकूंनी. त्यांची पन्नास वर्षं कोंबड्या पाळण्यात गेली. त्यांनी मला आदल्या संध्याकाळपासून कामाला लावलं. दाणे काढून घ्यायचे, पाणी मात्र ठेवायचं. दहा-बारा तास पोटात दाणा गेला नाही की गळ्याखालची पिशवी आणि आतडी रिकामी होतात. नाहीतर आतडं फुटून सगळं मांस घाण व्हायची भीती असते. अंधार पडल्यावर कोंबडे दांडीवर बसले की तिथूनच उचलायचे. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे ते गप्प राहतात. मी सकाळी पकडायचं म्हणत होते. काकू म्हणाल्या, "अगं, सकाळी तू त्याच्यामागे अंगणभर धावणार, तो जिवाच्या आकांताने ओरडणार. मग कसली गं तुझी दया?"

धरायचं ते दोन्ही पंखांवर तळहात ठेवून, काखेत घेऊन. पायांना धरून उलटं लटकवत न्यायचं नाही. आपल्या छातीखाली असतो तसा स्नायूंचा पडदा पक्ष्यांना नसतो. उलटं केलं की पोटातल्या अवयवांचं ओझं थेट श्वासावर येतं. म्हणून शंकूत घातल्यावरही वेळ घालवायचा नाही. शंकू म्हणजे नरसाळ्यासारखा पत्रा, भिंतीला ठोकलेला. मी एका मोठ्या प्लास्टिकच्या कॅनचा तळ कापून तो बनवला होता. कोंबडा त्यात डोकं खाली करून बसतो, मान खालच्या तोंडातून बाहेर येते आणि पंख आतच दाबलेले राहतात. त्यामुळे फडफडून पंख मोडत नाहीत आणि मांसावर काळेनिळे डाग पडत नाहीत.

एवढी सगळी तयारी होती. तरी चुकलं.

सुरीला धार आहे असं मी समजत होते. टोमॅटो सहज कापणारी धार पिसांना पुरत नाही, हे मला त्या सकाळी कळलं. पातं पिसांवरून घसरलं, कातडीला लागलं आणि कातडी ताणली गेली आहे हे बोटांना जाणवताच माझा हात थांबला. घाबरून थांबला. एकाच बाजूला कापलं गेलं होतं, तेही वरवर. कोंबड्याने डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. काकू मागून एवढंच म्हणाल्या, "पुन्हा. खोल." मी पुन्हा कापलं. मधे पाच-सहा सेकंदच गेले असतील. तो डोळा मला अजून दिसतो.

त्या पाच-सहा सेकंदांना कारण ना माझा कठोरपणा, ना बेफिकिरी. माझं मन हळवं झालं आणि हात अर्ध्यात थांबला, म्हणून त्याला जास्त सोसावं लागलं. हे मला स्वतःशी कबूल करायला दोन दिवस लागले. "मला फार वाईट वाटलं" याने त्या कोंबड्याचं काही भलं झालं नाही. त्याचं भलं आदल्या रात्री दगडावर अर्धा तास जास्त घासलेल्या पात्याने झालं असतं.

काकूंनी सुरी माझ्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. "हात थरथरतोय तोवर दुसऱ्याला आणायचं नाही," म्हणाल्या. मग त्यांनी जे केलं ते प्रत्येक नवख्याने आधी करावं असं मला कळकळीने वाटतं. पहिला कोंबडा पूर्ण गेल्यावर त्याच्याच मानेवर त्यांनी मला जागा दाखवली. जबड्याच्या मागे, कानाच्या पाळीच्या जरा खाली. अंगठ्याने पिसं उलटी सारून कातडी मोकळी करायची. डाव्या हाताने डोकं धरून मान किंचित ताणायची. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या पाहिजेत, कारण मेंदूचं रक्त तुटलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते. एकच बाजू कापली गेली तर शुद्ध जायला वेळ लागतो. मी त्या मेलेल्या मानेवर बोटाने चार वेळा ती जागा शोधली. तोवर धारेचा दगड ओला करून काकूंनी सुरी पुन्हा लावली होती. हातावरचे केस उडतील अशी.

दुसरा कोंबडा एका झटक्यात गेला. तिसराही.

नंतरची फडफड पहिल्यांदा पाहणाऱ्याला हादरवते. तो जिवंत आहे, त्याला कळतंय, असंच वाटत राहतं. पण ते झटके मज्जारज्जूकडून येतात, त्यांना शुद्ध लागत नाही. १९४५ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोत एका कोंबड्याचं डोकं उडवलं, पण मेंदूचा मागचा भाग शिल्लक राहिला आणि तो त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष जगला. लोक ती गोष्ट नवल म्हणून सांगतात. मला आता त्यात फक्त चुकलेली जागा दिसते. म्हणून फडफडीवर भरवसा ठेवायचा नाही, ती थांबली म्हणूनही नाही आणि चालू आहे म्हणूनही नाही. बोटाच्या टोकाने डोळ्याला हलकेच स्पर्श करायचा. पापणी हलली नाही, श्वास पूर्ण थांबला, आणि त्यानंतरही दोन-तीन मिनिटं गेली, की मगच गरम पाण्याकडे न्यायचं. इथे घाई करणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही.

पिसं काढणं त्या मानाने सोपं. ६० ते ६५ अंश तापलेलं पाणी, त्यात ४५ ते ६० सेकंद बुडवून हलवायचं, पंखाचं मोठं पीस ओढल्याबरोबर निघालं की झालं. पाणी जास्त तापलं तर कातडी फाटते.

आत हात घातला तेव्हा मात्र मी पुन्हा थांबले. कोंबडीच्या अंगात जिवंतपणी ४१ अंशांच्या आसपास ऊब असते, आपल्यापेक्षा जास्त, आणि ती लगेच जात नाही. बोटं त्या उबेत गेली. काळीज, आतडी, फासळ्यांना चिकटलेली गुलाबी फुप्फुसं. यकृताला लागून हिरवी पित्ताची पिशवी असते, ती फुटू न देता सोडवायची, नाहीतर पित्त लागेल तिथलं मांस कडू होतं. शेवटी पेटा चिरला. कोंबडीला दात नाहीत, गिळलेले खडे तिथेच दाणे दळतात. आत वाळू होती, बारीक खडे होते आणि एक निळा मणी. माझ्या मुलीच्या तुटलेल्या माळेतला, घासून घासून गुळगुळीत झालेला. तो मी धुऊन तिला दिला. तिने तो मुठीत धरला आणि विचारलं, "त्याला दुखलं का गं आई?" मी खोटं बोलले नाही. पहिल्याला दुखलं, म्हटलं. माझ्याकडून चुकलं.

तिने सहाही कोंबड्यांना नावं दिली होती. खायचं त्याला नाव देऊ नये, असं मला बऱ्याच जणांनी बजावलं होतं. मला ते पटत नाही. नाव नसलं की पायाला धरून उलटं नेणं सोपं जातं, बोथट सुरी चालवून घेतली जाते, फडफडतानाच गरम पाण्यात टाकलं जातं. "त्यात काय एवढं" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. त्या जनावराला आयुष्यात एकदाच मरायचं असतं, आणि ते कसं होईल हे सर्वस्वी आपल्या हातात असतं.

मांस लगेच बर्फाच्या पाण्यात घातलं आणि मग एक दिवस थंडीत ठेवलं. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. ते पुन्हा सैल पडण्याआधी शिजवलं तर चिवट लागतं. जेवताना आम्ही कुणी फारसं बोललो नाही. ताटात काही टाकलं मात्र नाही.

सहापैकी एक खुराड्यात राहणार आहे, मुलीने निवडलेला. आणखी दोन अजून आहेत. ते येत्या शनिवारी. गेल्या आठवड्यात तिघांनी विचारलं, की आम्हाला शिकायचंय, बघायला येऊ का. जरूर या, पण शनिवारी सकाळी नको. शुक्रवारी संध्याकाळीच या, दाणे काढायच्या वेळेला, आणि आपापली सुरी घेऊन या. धार लावायला दगड माझ्याकडे आहे.