आठ आउट कमी पडले. मग हिवाळ्यात काय केलं?

अ‍ॅरिझोनातल्या पिओरियात मरिनर्स या आपल्या बेसबॉल संघाचा सराव कॅम्प लागलाय आणि सिअ‍ॅटलच्या बेसबॉलवेड्यांची भांडणं पुन्हा रंगात आलीयत. २६ मार्च २०२६ ला घरच्या मैदानावर क्लीव्हलंड गार्डियन्सशी पहिला सामना. सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेलकडची बरीच मराठी मंडळी गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा या खेळाच्या नादी लागली. त्यांचं म्हणणं, गेल्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, दारात होतो, यंदा आत. जुन्या लोकांना ते एवढं सोपं वाटत नाही, आणि त्याला कारणं आहेत.

मरिनर्स १९७७ पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, आहेत. तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला हा एकमेव संघ. जिंकणं सोडा, खेळलेलाच नाही. २००१ साली, इचिरोच्या पहिल्याच वर्षी, १६२ पैकी ११६ सामने जिंकले आणि तरी प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) यँकीजनी पाच सामन्यांत गाशा गुंडाळायला लावला. त्यानंतर प्लेऑफ दिसली ती थेट २०२२ ला. २०२३ मध्ये ८८ विजय, एका सामन्याने बाहेर. तो हंगाम संपल्या संपल्या बेसबॉल विभागाचे प्रमुख जेरी डिपोटो यांनी पत्रकारांपुढे हिशेब मांडला की दशकभर ५४ टक्के सामने जिंकत राहिलं की संघ बहुतेक वेळा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचतोच. ५४ टक्के म्हणजे वर्षाला ८७-८८ विजय. अहो, तेवढे जिंकूनच तर घरी बसलो होतो! त्यांनी नंतर माफी मागितली, पण तो आकडा या गावात शिवीसारखा वापरला जातो. २०२४ ला ८५ विजय आणि पुन्हा एकाच सामन्याने बाहेर.

२०२५ मध्ये मात्र खरंच घडलं. ९० विजय आणि २००१ नंतर पहिल्यांदाच गटात पहिला नंबर. कॅल रॅली या कॅचरचे (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचे) ६० होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे थेट भिंतीपलीकडचे फटके. कॅचरसाठी आधीचा विक्रम ४८ चा होता, आणि दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा ५४ चा विक्रम १९६१ पासून अबाधित होता, तोही गेला. प्लेऑफमध्ये डेट्रॉइटला पाचव्या सामन्यात पंधराव्या इनिंगला हरवलं, एरवी सामना नऊ इनिंगचा. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या सात सामन्यांच्या मालिकेत टोरोंटोविरुद्ध ३-२ अशी आघाडी घेतली. आणि मग सहाव्या सामन्यात क्षेत्ररक्षणात तीन एरर (चुका), बॅटिंगला लागोपाठ तीन इनिंगमध्ये तीन डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोन-दोन आउट. सहावा सामना कुणी चोरला नाही, आपणच ताटात वाढून दिला.

सातव्या सामन्याबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण तिथं जे झालं त्यावरच या हिवाळ्याचा हिशेब मांडला पाहिजे. २० ऑक्टोबर, टोरोंटो, सातवी इनिंग, मरिनर्स ३-१ ने पुढे. पिचिंगला ब्रायन वू. सप्टेंबरात छातीचा स्नायू दुखावलेला, नुकताच परतलेला, आणि ही त्याची त्या दिवसाची तिसरी इनिंग. टोरोंटोच्या बार्गरला वॉक (चार चेंडू बाहेर पडले की फुकट पहिला बेस). काइनर-फलेफाचा सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका. मग हिमेनेझने बंट टाकून, म्हणजे बॅटने चेंडू हळूच पुढ्यात ढकलून, दोघांना दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर सरकवलं. एक आउट. समोर जॉर्ज स्प्रिंगर.

त्या बंटने काय केलं ते बघा. पहिला बेस रिकामा झाला, म्हणजे एका ग्राउंडबॉलवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) दोन आउट मिळण्याची सोय गेली. साधा ग्राउंडबॉल मिळाला तरी तिसऱ्या बेसवरचा माणूस धाव काढू शकतो. अशा वेळी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) लागतो, चेंडू बॅटला लागताच कामा नये. संघातला सर्वात भेदक स्ट्राइकआउट पिचर म्हणजे क्लोजर (सामना संपवायला शेवटी येणारा पिचर) आंद्रेस मुन्योझ. तो बुलपेनमध्ये, राखीव पिचरांच्या जागेत, बसून होता. मॅनेजर डॅन विल्सनने आणलं एडुआर्ड बझार्डोला. स्प्रिंगरचा तीन धावांचा होमरन, ४-३, खेळ खलास. वर्ल्ड सिरीज तिथून आठ आउट लांब होती.

बझार्डोला दोष देणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. वर्षभर असल्या अडचणीत त्यानेच संघाला तारलं होतं. विल्सनलाही मूर्ख म्हणणार नाही. स्प्रिंगरला मुद्दाम वॉक देऊन बेस भरण्याचा पर्याय होता, डबल प्ले परत शक्य झाला असता, पण मग ल्यूक्स आणि त्याच्या मागे टोरोंटोचा तगडा बॅटर गरेरो उभा. तो धोका न पत्करणं समजू शकतं. पण क्लोजरला नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायची ही जुनी सवय सातव्या सामन्यात चालत नाही. सामना जिथं फिरतोय ती इनिंग क्लोजरची, मग ती सातवी का असेना. आणि मुळात प्रश्न विल्सनच्या एका निर्णयाचा नव्हताच. ऑक्टोबरात भरवशाचे रिलीव्हर (पहिल्या पिचरनंतर येणारे पिचर) हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि दमले होते. ते कुणाचं काम? वरच्या मजल्यावरच्यांचं, म्हणजे संघ बांधणाऱ्यांचं.

तर वरच्या मजल्याने काय केलं. जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलर देऊन ठेवून घेतलं. उत्तम. या माणसाकडे बघून पळेल असं वाटत नाही, लीगमधल्या सर्वात संथ धावणाऱ्यांत त्याची गणना होते, आणि तरी मरिनर्सकडे आल्यावर त्याने १९ पैकी १९ बेस चोरले, म्हणजे चेंडू पडतानाच पळून पुढचा बेस गाठला. पिचर पाय कधी उचलतो, कितव्यांदा मागे बघतो, हे सगळं तो टिपून ठेवतो. बाकीच्यांनी शिकावं. वॉशिंग्टनकडून होसे फेरर हा डावखुरा रिलीव्हर घेतला, त्यासाठी तरुण कॅचर हॅरी फोर्ड दिला. किंमत जबर आहे, पण फेरर ग्राउंडबॉल काढतो आणि मुन्योझ, ब्रॅश, स्पायर यांच्यावरचा भार हलका करेल. हा सौदा मला पटला.

दोन बॅटर गेले: होर्हे पोलांकोला मेट्सकडे जाऊ दिलं आणि युहेनिओ सुआरेझ सिनसिनाटीला परत गेला, ते पचायला जड जातंय. पोलांकोला मेट्सनी दोन वर्षांचे ४ कोटी दिले, तेवढे आपण द्यायला नको होते असं एक वेळ मान्य. पण सुआरेझने गेल्या वर्षी दोन संघांकडून मिळून ४९ होमरन मारले, टोरोंटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यातला ग्रँड स्लॅम (चार धावांचा होमरन) त्याचाच, आणि तो गेला एका वर्षाच्या दीड कोटीवर. हो, तो स्ट्राइकआउट खूप होतो. तरीही.

त्यांच्या जागी सेंट लुइसकडून ब्रेंडन डॉनोव्हन आलाय. यामागचा विचार चांगला आहे, तो समजून घेतला पाहिजे. गेल्या वर्षी या संघाने २३८ होमरन मारले, त्यापेक्षा जास्त फक्त यँकीज आणि डॉजर्सचे. होमरनची उणीव नाही. उणीव आहे ती तिसऱ्या बेसवर माणूस असताना चेंडूला नुसती बॅट लावण्याची. डॉनोव्हन ते करतो. तो स्ट्राइकआउट क्वचित होतो, डावखुरा आहे, दुसऱ्या बेसला, तिसऱ्या बेसला, लेफ्ट फील्डला कुठेही उभा राहतो. त्याला बॅटिंगच्या क्रमात सर्वात वर, हुलिओ रॉड्रिगेझ आणि कॅलच्या आधी खेळवा. पण एक डॉनोव्हन म्हणजे पोलांको अधिक सुआरेझ नव्हे. मधल्या फळीतली एक ताकदवान बॅट कमीच आहे, आणि हे क्लबलाही माहीत आहे.

आपल्या मैदानावर ही उणीव जास्त बोचते. टी-मोबाइल पार्क हे बॅटरसाठी मेजर लीगमधलं सर्वात अवघड मैदान मानलं जातं. छत सरकतं, पण ते छत्रीसारखं वर येतं, बाजू उघड्याच राहतात, म्हणून एप्रिलमधली समुद्रावरची गार, जड हवा आत येतेच. दुसरीकडे भिंतीपलीकडे जाणारा चेंडू इथं भिंतीलगतच्या वॉर्निंग ट्रॅकवर झेलला जातो. त्यामुळे एप्रिलमध्ये हुलिओ रॉड्रिगेझची सरासरी बघून कुणी गळा काढू नये. तो दर वर्षी गारठ्यात झोपतो आणि ऑगस्टमध्ये उठतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चार सामन्यांत १७ हिट मारले होते, तो विक्रम आहे. एप्रिलमध्ये बघायचंच असेल तर तो बाहेर जाणाऱ्या स्लायडरचा (आडव्या वळणाऱ्या चेंडूचा) पाठलाग करतोय की सोडतोय एवढंच बघा.

यंदाची सर्वात मोठी नवी गोष्ट म्हणजे पंचाच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर अपील (न मारलेला चेंडू स्ट्राइक झोनमध्ये असला तर स्ट्राइक, बाहेर असला तर बॉल). आपल्या लोकांना डीआरएसमुळे कल्पना लगेच येईल, पण फरक महत्त्वाचे आहेत. प्रत्येक संघाला सामन्यात दोन अपिलं. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. अपील फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर करू शकतो, टोपीवर किंवा हेल्मेटवर थाप मारून, तेही लगेच. डगआउटमधून कुणी इशारा करायचा नाही. दोन्ही संपली असतील तर जादा इनिंगमध्ये प्रत्येक इनिंगला एक मिळतं. स्ट्राइक झोन कॅमेऱ्यांनी मोजायचा: रुंदी १७ इंच, खालची कड बॅटरच्या उंचीच्या २७ टक्क्यांवर, वरची ५३.५ टक्क्यांवर. म्हणजे कॅलसारख्या सहा फूट दोन इंचाच्या माणसाला साधारण ५१ सेंटिमीटरपासून १०१ सेंटिमीटरपर्यंत. चेंडू मोजतात तो प्लेटच्या मध्यावर, त्यामुळे पुढच्या कडेला झोनमध्ये असलेला आणि नंतर खाली पडलेला कर्व्हबॉल आता बॉल ठरू शकतो.

२०२५ च्या सराव सामन्यांत हे तपासलं गेलं तेव्हा कॅचरची ५६ टक्के अपिलं बरोबर निघाली, बॅटरची ५० आणि पिचरची ४१. तेव्हा विल्सनने कॅम्पमध्येच नियम घालून द्यावा: पिचरने टोपीला हात लावायचा नाही. विशेषतः कर्बीने! त्याला आपला प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो. बचावाला असताना निर्णय कॅलचा. बॅटिंगला असताना पहिल्या तीन इनिंगमध्ये बेस रिकामे असतील तर अपील वाया घालवू नका. १-१ च्या (एक बॉल, एक स्ट्राइक) चेंडूवर मात्र विचार जरूर करा, कारण तिथून २-१ होणं आणि १-२ होणं यात बॅटरचं अख्खं नशीब पालटतं. चेंडू झोनच्या कडेला हळूच ओढून स्ट्राइक मिळवण्याची कॅलची कला यामुळे मेली असं काही जण म्हणतात. मला नाही वाटत. सामन्यात अपिलाविना जाणारे चेंडू शेकड्याने असतात.

पिचिंगबद्दल थोडक्यात. गिल्बर्ट, कर्बी, वू, कास्टियो, मिलर हे पाच एकत्र ठणठणीत असले तर या रोटेशनला (आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पिचरांच्या फळीला) तोड नाही. गेल्या वर्षी ते फारसे एकत्र दिसलेच नाहीत. कर्बीचा खांदा, गिल्बर्टच्या हाताचा स्नायू, मिलरच्या कोपरातलं वाढलेलं हाड, शेवटी वू. मिलरचा ५.६८ चा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) त्या कोपराचा आहे, त्याच्या कुवतीचा नाही, ऑक्टोबरात ते दिसलं. सराव सामन्यांत त्याचे निकाल बघू नका, फास्टबॉल तिसऱ्या-चौथ्या इनिंगलाही ९५ मैलांवर टिकतोय का ते बघा. टिकत नसेल तर सहावा पिचर म्हणून हॅनकॉकला पहिल्या आठवड्यापासून तयार ठेवावं लागेल.

मैदानावर जाणाऱ्यांसाठी कामाचं: तळ्यावरून जाणारी २ लाइन ही लाइट रेल २८ मार्च २०२६ ला सुरू होणार असं जाहीर झालंय. रेडमंड-बेलव्ह्यूहून थेट चायनाटाउन स्टेशनला उतरा, तिथून पायी पंधरा-वीस मिनिटं. पार्किंगचे पैसे वाचतील. घरचं खाणं आत नेता येतं, पाण्याची प्लास्टिकची बाटली मात्र सीलबंद हवी. जाकीट विसरू नका, छत बंद असलं तरी. घरून बघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, रूट स्पोर्ट्स बंद झालंय, प्रक्षेपण आता मेजर लीग स्वतःच करणार. आणि पुण्या-मुंबईतून बघणाऱ्यांना इथला संध्याकाळी ६:४० चा सामना सकाळी ७:१० ला, चहासोबत.

आता मुद्द्याचं. खेळाडू आणि मालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी आहे, खेळाडू संघटनेला ती मुळीच नको. मागच्या वेळी करार संपला तेव्हा टाळेबंदी ९९ दिवस चालली होती. यंदाचं भांडण त्याहून मोठं. २०२७ चा हंगाम पूर्ण होईल याची खात्री कुणी देऊ नये. गिल्बर्ट २०२७ नंतर मोकळा, म्हणजे कुठल्याही संघाकडे जाऊ शकतो. अरोझारेना आणि क्रॉफर्ड हे आपले दोन बॅटर तर याच वर्षानंतर. म्हणजे ज्या संघाबद्दल ‘अजून तीन-चार वर्षं आहेत’ असं सांगितलं जातंय, त्याच्या हातात प्रत्यक्षात एकच धड हंगाम असू शकतो, आणि तो हा.

म्हणून ३ ऑगस्टला ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपण्याआधी दोन गोष्टी हव्यात: मधल्या फळीत उजव्या हाताचा एक तगडा बॅटर आणि सातव्या इनिंगला स्ट्राइकआउट काढणारा आणखी एक रिलीव्हर. त्यासाठी तरुण खेळाडूंपैकी कोल्ट एमर्सन सोडून कुणीही द्यायची तयारी ठेवा. केड अँडरसनसुद्धा? हो, तोसुद्धा. गेल्या वर्षी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला डावखुरा पिचर आहे, पुढे मोठा होईल, दुसऱ्या कुणाच्या तरी गणवेशात झाला तर वाईटही वाटेल. पण पिचर घडवणं या क्लबला जमतं, वर्षानुवर्षं जमलंय. बॅटर घडवणं जमत नाही. मग जे आपल्याकडे भरपूर पिकतं ते विकायचं आणि जे पिकत नाही ते विकत घ्यायचं, त्यात एवढा कसला विचार करायचा?