'प्लांटचा वास' : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रोलिन हे साधं अमिनो आम्ल पॅलेडियमसारख्या महागड्या धातूंऐवजी उत्प्रेरक (प्रक्रिया घडवून आणणारा पदार्थ) म्हणून चालतं, असं सांगणाऱ्या 'प्रोलिन आणि महागडे धातू' या माझ्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. ती अशी : "काका, लेख वाचायला गोड आहे, पण नाकात कधी प्लांटचा वास गेलेला दिसत नाही. प्रोलिन 30 मोल टक्के लागतं, पॅलेडियम एका टक्क्याच्याही खाली चालतं. नंतर ते डीएमएसओ काढायचं कुणी? आणि ही कल्पना 2000 सालची नाहीच." (मोल टक्के म्हणजे मूळ मालाच्या दर शंभर रेणूंमागे उत्प्रेरकाचे किती; डीएमएसओ म्हणजे ज्यात ही प्रक्रिया करतात तो द्राव, सहज न उडणारा.)

शेवटचं आधी घेतो. बरोबर आहे. हॅजोस आणि पॅरिश यांनी सत्तरच्या दशकातच स्टेरॉइडच्या कामाला लागणारा कीटोन प्रोलिन वापरून बनवला होता. बेंजामिन लिस्ट यांचा प्रोलिनवरचा निबंध 2000 चा, आणि त्यांना व मॅकमिलन यांना रसायनशास्त्राचं नोबेल 2021 चं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. हा गुण सगळ्यांत असतोच असं नाही.

आता वास.

मी आपला काका केव्हापासून झालो, ते राहू द्या. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात (नाव कशाला घेऊ) मी 27 वर्षं काढली, पहिली सहा क्यूसीत म्हणजे माल तपासणीत, उरलेली हायड्रोजनेशनला, म्हणजे रसायनाला हायड्रोजन जोडण्याच्या विभागात. पिरिडिन या उग्र वासाच्या द्रवाची बॅच असली की आमची ही माझा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची आणि आंघोळ झाल्याशिवाय देवघराकडे फिरकू द्यायची नाही. दांडिया बाजारला उतरेपर्यंत बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. हा वास कुठल्या पुस्तकात मिळतो, कळवावं.

आणि ज्याचे गोडवे आपण गाता त्या पॅलेडियमचं. 1996 च्या पावसाळ्यात रात्रपाळीच्या एका पोराने गाळलेलं पॅलेडियम चारकोल (कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं पॅलेडियम) फिल्टरवर तसंच ठेवलं. त्यात हायड्रोजन अडकलेला असतो. ओलं आहे तोवर गुपचूप पडून राहतं, कोरडं पडलं की हवा लागताच पेटतं. खाली मिथेनॉल, तेही भडकणारं. डाव्या मनगटावरचा डाग अजून आहे. अहवालात बेपर्वाई माझी ठरली, कारण सही माझी होती. आम्ही ते वापरलेलं चारकोल सोन्यासारखं तोलून कुलपात ठेवायचो. तिथे उभं राहून मी शिकलो, आणि मला कुणी तरी घरबसल्या वास शिकवतो आहे!

30 टक्क्यांबद्दल थोडक्यात. प्रोलिनचा रेणूभार 115, पॅलेडियमचा अणुभार 106, म्हणजे वजनात साधारण तिसेक पट फरक, मान्य. पण एक किलोच्या भावाने येतं, दुसरं ग्रॅमच्या. हॅजोस-पॅरिश यांचं तर 3 टक्क्यांत भागलं होतं. शिवाय औषधात पॅलेडियम किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग) उरलं ते दाखवत बसायचं, तेही क्यूसीनेच. प्रोलिन पाण्याने धुतलं की निघून जातं.

डीएमएसओचं पुढे कधी तरी पाहू. तो लेखाचा विषय नव्हता.

आपली दुसरी प्रतिक्रिया, जिच्यात माझ्या शुद्धलेखनावर चार ओळी आहेत, ती मी प्रसिद्ध केलेली नाही. 'उत्प्रेरक' मी बरोबरच लिहिलं होतं.