मॅच मागे पडते, पण दोष तुमच्या नेटचा नाही

आयपीएल सुरू झाली की एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: मोबाइलवर मॅच टीव्हीच्या अर्धा मिनिट मागे दिसते कारण तुमचं नेट स्लो आहे. मोठा प्लॅन घ्या, ५जी घ्या, डीएनएस बदला, क्वालिटी कमी करा. एवढं करूनही फरक पडला नाही तर समजा, कंपनी जाहिरातींसाठी मुद्दाम अडवतेय. व्हिडिओ कॉलला उशीर होत नाही, मग मॅचलाच कसा होतो?

यातला शेवटचा प्रश्न चांगला आहे. बाकीचं जवळजवळ सगळं चूक.

आधी स्पीडचं बघू, कारण लोकांचे पैसे तिथेच जातात. इंटरनेटवर लाइव्ह व्हिडिओ सलग धारेसारखा येत नाही, तुकड्यांनी येतो. ॲपलने २००९ साली आणलेली एचएलएस ही पद्धत आज सगळीकडे रुळली आहे. तिच्यात तुकड्याची शिफारस केलेली लांबी आधी १० सेकंद होती, २०१६ मध्ये ती ६ वर आली. आपल्याकडच्या वडापसारखं आहे हे: जीप भरल्याशिवाय सुटत नाही. सहा सेकंदांचा खेळ होऊन गेल्याशिवाय सहा सेकंदांचा तुकडा तयारच होणार नाही. त्यात प्लेअरने ताज्या टोकापासून किमान तीन तुकडे मागे राहून सुरुवात करावी, असा या पद्धतीचा नियम. झाले १८ सेकंद. एन्कोडिंग (म्हणजे चित्र दाबून लहान करणं) आणि सर्व्हरपर्यंतची पोचवापोचवी त्यात मिळवा, की पंचवीस-तीसचा आकडा सहज येतो.

आता तुमचा प्लॅन. ६ एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६ मेगाबिट लागणाऱ्या चित्राचा सहा सेकंदांचा तुकडा ३६ मेगाबिटचा. ५० एमबीपीएसच्या लाइनवर तो पाऊण सेकंदात उतरतो, ३०० च्या लाइनवर सेकंदाच्या आठव्या भागात. म्हणजे वाचला अर्धा-पाऊण सेकंद, आणि तोही बहुधा वायाच, कारण पुढची जीप अजून भरायचीच आहे. रस्ता कितीही रुंद करा, स्टँडवरचा थांबा तेवढाच.

५जीचंही तेच. मोबाइल आणि टॉवरमधले काही मिलिसेकंद ते वाचवतं, ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला त्याचं मोल आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबई-नागपूर अंतर चार-पाच मिलिसेकंदांचं. अर्ध्या मिनिटाचा हिशेब असल्या चिल्लरीने जुळत नाही.

डीएनएस फक्त सर्व्हरचा पत्ता शोधून देतो. चित्र त्याच्यातून येतच नाही. क्वालिटी कमी केली तर तुकड्याचं वजन घटतं, लांबी नाही. नेट खरोखर रडतखडत चालत असेल तर अडखळणं थांबेल, एवढाच फायदा.

मुद्दाम अडवण्याच्या आरोपात थोडं तथ्य आहे, फक्त कारण वेगळं आहे. मागे राखलेल्या तुकड्यांचा हा साठा कंपनी जाणूनबुजून ठेवते, पण तुमचं चित्र अडकू नये म्हणून. गाडी घाटातल्या छोट्या बोगद्यात शिरते आणि मॅच चालूच राहते, ती या साठ्यावर. जाहिरात तुकड्यांच्या सांध्यावर बसवता येते, तिच्यासाठी अर्धा मिनिट लागत नाही. आणि मैदानातूनच प्रक्षेपण रोखून धरलं असतं, तर टीव्हीही तितकाच मागे पडला असता.

राहिला व्हिडिओ कॉल. तिथे वेबआरटीसीसारखी पद्धत असते: तुकडा भरायची वाट नाही, कॅमेऱ्यातून निघालं की लगेच पाठवलं, उशीर अर्ध्या सेकंदाच्या आत. वाटेत काही हरवलं तर ते सोडून पुढे जायचं. म्हणून मावशीचा चेहरा मधेच चौकोनी होतो, आपण ‘आवाज तुटतोय गं’ म्हणतो आणि बोलत राहतो. शेवटच्या ओव्हरला असं चित्र कोण सहन करेल? शिवाय अशा जोडणीत प्रत्येक प्रेक्षकाचा हिशेब सर्व्हरला सतत सांभाळावा लागतो. एचएलएसचा तुकडा ही साधी फाइल. गावोगावच्या सर्व्हरवर तिची प्रत ठेवली की हजारोंना तीच वाटता येते. २०२३ च्या विश्वचषकाची भारत-ऑस्ट्रेलिया फायनल हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक बघत होते. एवढ्यांना व्हिडिओ कॉलच्या पद्धतीने दाखवायचं तर खर्चाचं गणित पार बदलतं.

मधला मार्ग आहे. तुकडा पूर्ण व्हायच्या आधीच त्याचे सेकंदाहून छोटे भाग पाठवायचे. ॲपलने २०१९ मध्ये लो-लेटन्सी एचएलएस जाहीर केलं ते याच तत्त्वावर, आणि त्यात उशीर २ ते ५ सेकंदांपर्यंत येऊ शकतो. यूट्यूबवर लाइव्ह करणाऱ्यालाही कमी उशिराचा पर्याय निवडता येतो. मात्र साठा लहान झाला की डळमळीत नेटवर चित्र जास्त वेळा थांबतं, आणि सर्व्हरकडे येणाऱ्या मागण्या कैक पटींनी वाढतात. हे सगळं पाठवणाऱ्याने ठरवायचं असतं; तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ते सापडणार नाही.

तुमच्या हातात एकच गोष्ट आहे आणि नेमकी तीच त्या मेसेजमध्ये नाही. मधे चित्र अडकलं किंवा तुम्ही पॉज केलं, की बरेच प्लेअर थांबले तिथूनच पुढे चालू होतात आणि तेवढे सेकंद मूळ उशिरात जमा होत जातात. अशा वेळी ‘लाइव्ह’ लिहिलेलं बटण दाबा, नसेल तर ॲप बंद करून पुन्हा उघडा. तीसऐवजी पन्नास सेकंद मागे असाल, तर वरचे वीस तरी सुटतील. फुकटात.