पाच गाड्या आणि खालचा पाळणा

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीचा पुनर्विकास झाला, तेव्हा आमच्या वाट्याला स्टॅक पार्किंगमधली खालची जागा आली. ज्यांना हे सुख अद्याप लाभलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : एका लोखंडी सांगाड्यात एकावर एक अशा दोन गाड्या राहतात, आणि वरची गाडी खाली उतरवायची असेल तर खालची आधी बाहेर काढावी लागते. आमच्या इमारतीत या प्रकाराला सर्वजण ‘पाळणा’ म्हणतात. खालच्या पाळण्यात आमची बारा वर्षांची हॅचबॅक असते आणि वरच्या पाळण्यात ६०४ मधल्या काकांची सेदान. काका रोज सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी पोहायला जातात. त्यामुळे रोज सहा वाजून अठरा मिनिटांनी मी, पोहता येत नसतानाही, अर्ध्या चड्डीत खाली हजर असतो. ‘गाडीची एक चावी काकांकडे ठेवा’ असा तोडगा कमिटीने एकदा सुचवला होता; पण काकांनी तो बाणेदारपणे फेटाळला. “दुसऱ्याच्या गाडीला मी हात लावत नाही. उद्या ओरखडा निघाला तर कोणी निस्तरायचं?” असे ते भर सभेत म्हणाले, आणि ते वाक्य इतिवृत्तात नोंदले गेले.

वरचा पाळणा करकरत खाली यायला दीड मिनिट लागते. त्या दीड मिनिटांत माझ्या स्पोर्ट्स कारच्या संग्रहाची योजना जन्माला आली. अनेक वर्षे रोज दीड मिनिट विचार केला की माणसाचा त्या विषयातला अधिकार आपोआप वाढतो. संग्रह लहान असावा, म्हणजे पाचच गाड्यांचा, आणि त्यातली कोणतीही गाडी दुसरीसारखी नसावी, हे मी पहिल्याच पावसाळ्यात ठरवून टाकले. एकाच कंपनीच्या, एकाच लाल रंगाच्या बारा गाड्या ओळीने उभ्या करणारा माणूस माझ्या मते संग्राहक नव्हे. तो घाऊक व्यापारी. एका गाडीचे इंजिन मागे असावे, एकीचे मधोमध, एकीचे पुढे. एक टर्बोची असावी, एक बिनटर्बोची. एक जर्मन शिस्तीची, एक इटालियन डोक्याची. हे सगळे मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहून काढले आणि पत्रिका शर्टाच्या खिशात ठेवली. तिथून ती अर्थातच धुण्याच्या वेळी सौभाग्यवतींच्या हाती लागली.

आमच्या सौभाग्यवती बँकेच्या कर्जविभागात आहेत. ‘वेड लागलंय का’ असे त्या म्हणाल्या असत्या तर प्रकरण तिथेच मिटले असते आणि मी सुखाने स्वप्न पाहत राहिलो असतो. पण त्यांनी चष्मा लावला, पत्रिका दोनदा वाचली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाल्या, “अहो, एकेक गाडी नीट सांगा. मी तक्ता करते.” माझ्या खऱ्या हालअपेष्टांना प्रारंभ झाला तो या क्षणी.

पहिली गाडी पोर्श ९११. ही निवड निर्विवाद होती. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने मांडली गेली. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक वापरण्याचा हक्क आमचा आहे, अशी हरकत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतली आणि बिचाऱ्या ९०१ ची ९११ झाली. हे सांगताना माझ्या लक्षात आले की १०४ पासून ६०४ पर्यंत आमच्या इमारतीतला एका रांगेतला प्रत्येक फ्लॅट हे प्यूजोच्या खऱ्याखुऱ्या मॉडेलचे नाव आहे. आम्ही ३०४ मध्ये राहतो. प्यूजोच्या कानावर हे गेले तर काय होईल, या चिंतेत मी असताना तक्त्यातून प्रश्न आला, “इंजिन मागे, मग सामान कुठे?” मी म्हणालो, पुढे. “गॅसचा सिलिंडर मावेल?” ९११ च्या साठ वर्षांच्या इतिहासात हा प्रश्न कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही, पण आमच्या घरी गाडीची पात्रता सिलिंडरवरूनच ठरते. ‘सामान : संशयास्पद’ अशी नोंद झाली.

दुसरी लॅम्बोर्गिनी काउंटाक. लॅम्बोर्गिनी हे मुळात ट्रॅक्टर बनवणारे गृहस्थ. आपल्या फेरारीचा क्लच आणि आपल्या ट्रॅक्टरचा क्लच एकच आहे, अशी तक्रार घेऊन ते एन्झो फेरारींकडे गेले, त्यांनी उडवून लावले, आणि त्या रागातून १९६३ मध्ये मोटारींचा कारखाना उभा राहिला, असे सांगतात. हे ऐकून सौभाग्यवती प्रथमच प्रभावित झाल्या. प्लंबरपासून डीटीएच वाल्यापर्यंत सर्वांशी आमचे असेच होते, फरक इतकाच की आपण त्या रागातून कारखाना काढत नाही. काउंटाक हा इटलीतल्या पिडमाँट भागातल्या बोलीतला आश्चर्याचा उद्गार आहे. म्हणजे आपल्याकडे गाडीचे नाव ‘अबब’ ठेवावे तसे. हिची दारे वर उघडतात. मागचे जवळजवळ काहीच दिसत नसल्यामुळे जाणकार चालक दार वर करून उंबऱ्यावर बसतात आणि मान बाहेर काढून गाडी मागे घेतात. मुंबईत ही अडचण मुळीच नाही, कारण येथे गाडी मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या, बास्स’ म्हणायला कोणी ना कोणी उगवतोच, आणि त्याला गाडी चालवता येत असलीच पाहिजे अशी अटही नसते.

तिसरी फेरारी एफ४०. कंपनीला चाळीस वर्षे झाली म्हणून १९८७ साली काढलेली आणि एन्झो फेरारींच्या हयातीतली ही शेवटची नवी गाडी. दुसऱ्याच वर्षी ते वारले. ताशी ३२४ किलोमीटर वेग. वजन कमी ठेवण्यासाठी आत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार उघडायला मूठसुद्धा नाही. एक दोरी ओढायची. मी भारावून बोलत होतो. सौभाग्यवतींनी टंकलेखन थांबवले. “गिरगावच्या चाळीत आमच्या दाराला दोरीच होती. गालिचाही नव्हता. रेडिओ मात्र होता,” त्या म्हणाल्या. माहेर फेरारीपेक्षा एका रेडिओने सरस ठरले.

चौथी मॉर्गन. ही इंग्लंडातल्या मॉल्व्हर्न गावात १९०९ पासून चाललेल्या कारखान्याची गाडी, लांब नाकाची, इंजिन पुढे. हिच्या पत्र्याखालचा सांगाडा आजही अ‍ॅश नावाच्या लाकडाचा असतो, आणि तो सुतार हाताने घडवतात. या गाडीवर माझे विशेष प्रेम आहे, त्यामुळे हिच्या वाट्याला आलेली वागणूक मला विशेष लागली. आमच्या बाथरूमचे दार जूनमध्ये फुगते ते ऑक्टोबरपर्यंत लागत नाही; त्या काळात आत जाणारा मनुष्य गाणे म्हणत राहतो. “गाडीचं दार फुगलं तर तुम्ही मुलुंड ते चर्चगेट गाणं म्हणत जाणार का?” असे मला विचारण्यात आले. शिवाय वाळवीचा मुद्दा निघाला. मागच्या वर्षी कपाटाला वाळवी लागली तेव्हा आलेला पेस्ट कंट्रोलवाला आठवून मी गप्प बसलो. गाडीची पीयूसी आणि वाळवीची वॉरंटी ही दोन्ही प्रमाणपत्रे काचेवर चिकटवून फिरणे मलाही प्रशस्त वाटेना.

पाचवी गाडी माझ्या दृष्टीने संग्रहाचा कळस : मॅक्लारेन एफ१. सगळ्या मिळून फक्त १०६ तयार झाल्या. चालक मधोमध बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, एकेक आसन. गॉर्डन मरे या अभिरचनाकाराने चालकाला रस्ता सरळ आणि निर्वेध दिसावा म्हणून ही रचना केली, असे परदेशी लोक समजतात. माझ्या उजव्या खांद्यामागे आई आणि डाव्या खांद्यामागे सौभाग्यवती बसल्या आहेत, एक ‘हळू’ म्हणते आहे आणि दुसरी ‘सिग्नल सुटलाय’ म्हणते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आले आणि मला जाणवले की मरेसाहेबांनी ही गाडी मराठी मध्यमवर्गीय पुरुषाचे नेमके स्थान ओळखून काढली आहे. मधे बसून टोलच्या खिडकीपर्यंत हात कसा पोहोचवायचा हा एक खरा प्रश्न होता. पण ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरचे टोल हलक्या वाहनांना माफ झाले आणि मुलुंडकरांसाठी मॅक्लारेनमधला तो दोष सरकारनेच दूर केला. इंजिनाची उष्णता परतवण्यासाठी त्याच्या खोबणीला आतून सोन्याचा वर्ख लावलेला आहे, हेही मी सांगितले. “मग यावर गोल्ड लोन बसेल,” असे म्हणून सौभाग्यवतींनी दिवसभरातली एकमेव हिरवी खूण केली.

नंतर मात्र तक्त्यात लाल रंग भरू लागला. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती सहसा तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि स्टिअरिंग उजवीकडे लागते. एफ४० एका ओळीत गेली. काउंटाक गेली. मॅक्लारेन वयावर गेलीच, पण मधल्या स्टिअरिंगला नियमाच्या दृष्टीने उजवे म्हणावे की डावे, यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. सीमाशुल्काचा अधिकारी ज्या बाजूला उभा असेल त्यावर ते अवलंबून राहील, असे माझे मत मी नोंदवून ठेवले आहे. पैशांचा विषय मी टाळत होतो, तो सौभाग्यवतींनी काढला. २००२ साली सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून त्याला फेरारीची ३६० मोडेना भेट मिळाली, सिल्व्हरस्टोनला खुद्द शर्यतवीर शूमाकरने ती दिली, आणि त्या फुकटच्या गाडीवरचे सीमाशुल्क एक कोटीच्या वर निघाले, हे सर्वांना आठवत असेल. तिथे सचिन होता, २९ शतके होती. माझ्या नावावर गल्ली क्रिकेटमधले एक अर्धशतकही वादग्रस्त आहे. राज्याच्या वाहनकराची कमाल मर्यादा २०२५ च्या अर्थसंकल्पात २० लाखांवरून ३० लाख केल्याचेही तक्त्यात आले. “पाच गाड्यांचे दीड कोटी नुसता कर,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या पगाराचा रकाना उघडला. तो त्यांनी लगेच मिटला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तरीही मी हटलो नाही. रविवारी सकाळी मोजपट्टी घेऊन मी पार्किंगमध्ये गेलो. एक टोक वॉचमनने धरले. पाळण्याची रुंदी दोन मीटर दहा सेंटिमीटर भरली. नंतरच्या काउंटाक दोन मीटर रुंद आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर. पण दारे वर उघडत असल्यामुळे बाजूची जागा लागतच नाही, असा आनंद मला साधारण चार सेकंद झाला. मग वॉचमनने मोजपट्टीचे टोक वरच्या पाळण्याच्या तळाला टेकवून दाखवले. दार वर जाणार ते थेट काकांच्या सेदानच्या पोटात. उंचीचा मात्र फायदा होता. फोर्डच्या जीटी४० मधला ४० हा आकडा तिच्या चाळीस इंच उंचीवरून आलेला आहे, म्हणजे माझ्या कमरेएवढी गाडी. असल्या गाड्या एका पाळण्यात दोन बसतील, हे मी वॉचमनला पटवत असताना काका पोहून परत आले.

“नवी गाडी घेताय?”

“पाच,” मी म्हणालो.

काकांनी टॉवेल खांद्यावर घेतला, गेटकडे पाहिले आणि म्हणाले, “आणि तो ओलांडणार कसा?”

‘तो’ म्हणजे आमच्या गेटसमोरचा गतिरोधक. शास्त्राप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे पालथ्या ताटासारखा उतरता असावा, असे इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. आमचा गतिरोधक पालथ्या घमेल्यासारखा आहे, कारण तो बहुधा घमेल्यानेच मोजून घातलेला असावा. दिवाळीत त्याच्यासमोर एक पिवळीधमक, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार येऊन थबकली होती. तरुण चालक उतरला, गुडघ्यावर बसला आणि गाडीच्या हनुवटीखाली बोटे घालून अंतर पाहू लागला. नारळवाला कोयता ठेवून आला. “तिरपी घ्या, तिरपी! आधी डावं चाक!” दोन रिक्षावाले, एक डिलिव्हरी बॉय आणि मी अशी सल्लागार समिती तयार झाली. गाडी बोटाबोटाने चढली, मधोमध आल्यावर खालून खर्रर्र असा आवाज आला, आणि सर्वांनी एकदम ‘अरेरे’ म्हटले. तेवढे मनापासूनचे अरेरे मी स्मशानातही ऐकलेले नाही. मागे बेस्टची बस हॉर्न देत होती. एवढ्यात तीन प्रवासी आणि तांदळाचे पोते घेतलेली एक रिक्षा बाजूने तोच गतिरोधक टुणकन ओलांडून गेली आणि कोणी वळूनही पाहिले नाही. तो तरुण कुठून आला होता कोण जाणे. पण किनारी मार्गावर ताशी ८० आणि अटल सेतूवर १०० ही मर्यादा असलेल्या शहरात आमच्या गल्लीइतका कस त्याच्या गाडीचा कोणीच पाहिला नसणार.

शेवटी तक्त्यात फक्त ९११ उरली : नवी मिळते, स्टिअरिंग उजवीकडे मिळते, लाकूड नाही. मी कमिटीला जादा पार्किंगसाठी अर्ज दिला. उत्तर आठ दिवसांत आले, हा आमच्या सोसायटीचा विक्रम. ‘आपले नाव प्रतीक्षा यादीत अकराव्या क्रमांकावर घेतले आहे. प्रस्तावित वाहनाच्या आरसी पुस्तकाची झेरॉक्स त्वरित जोडावी.’ मला मुळीच वाईट वाटले नाही. फेरारीच्या मोजक्याच काढलेल्या गाड्यांसाठीही नुसते पैसे पुरत नाहीत. कारखाना गिऱ्हाईकाचा पूर्वेतिहास पाहतो. आमची कमिटी थकबाकी पाहते, एवढेच.

त्याच रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात काका होते, हातात डब्यातून आणलेली चकली. इकडचे तिकडचे बोलून झाले. मग त्यांनी आवाज खाली केला.

“ऐकलं ते खरं का? पोर्श?”

“विचार चाललाय,” मी म्हणालो.

“नाही, म्हणजे, रोज सकाळी तुमची झोपमोड होते, मला बघवत नाही हो,” काका म्हणाले. “गाडी आली की एक चावी माझ्याकडे ठेवा. मीच काढत जाईन बाहेर.”