बँकेच्या जागी साड्यांचं दुकान: 'जुना खातेदार' यांना उत्तर

नमस्कार. कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेतल्या जुन्या बँकेच्या इमारतीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही 'जुना खातेदार' या नावानं प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: जिथं आडत्यांनी आणि शेतकऱ्यांनी विश्वासानं पैसा ठेवला तिथं आज साड्यांचा सेल लागतो, ही वास्तूची विटंबना आहे. दुकानदाराचं कौतुक करून मी तिला मान्यता दिली. खरं तर सरकारनं इमारत ताब्यात घेऊन तिथं संग्रहालय करायला हवं होतं.

तुमची तळमळ पोचली, तरी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. आत काय विकलं जातं यावर जुनी वास्तू जगत किंवा मरत नाही. तिच्या भिंतींना काय फासलं जातं आणि छपराकडं कोण बघतं, यावर ते ठरतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू: बँक काही दुकानदारानं घालवली नाही. आपल्या भागातल्या बँकांचं काय झालं ते आठवा. मिरज स्टेट बँक 1985 मध्ये युनियन बँकेत गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये आणि 1916 पासून चालत आलेली सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. विलीनीकरण झालं की एकाच पेठेत एकाच बँकेच्या दोन शाखा होतात आणि त्यातली एक बंद पडते. बहुतेक वेळा जुन्या इमारतीतलीच. लेजर, म्हणजे खातेवह्या, कॉम्प्युटरमध्ये गेल्यावर एवढी जागाही लागेना. उंच छताचा हॉल गार ठेवायचा तर वीजबिल परवडत नाही, पायऱ्या चढून वर जाणं म्हाताऱ्या पेन्शनरांना जमत नाही. आपल्या या इमारतीचंही तेच झालं. पुढं ती कुलूप लावून पडून होती. कौलं सरकली, पाणी झिरपलं आणि माळ्यावरच्या दोन तुळयांची टोकं कुजली. कुणी तक्रार केली नाही, कारण तेव्हा तिथं सेलचा बोर्ड नव्हता.

आता आतलं सांगतो. ही पेठ शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली. गुऱ्हाळं सुरू झाली की उचल, हुंडी, रोकड यांची झुंबड, आणि इमारत त्याच कामासाठी बांधलेली. समोरचा हॉल दुप्पट उंच आहे, वर काचेच्या झडपांची रांग आहे, कारण दिवसभर लेजरमध्ये बारीक आकडे लिहायचे तर उजेड वरून हवा, डोळ्यावर नको. काउंटर सागवानी आहे. त्यावरची पितळी जाळी गेली, पण खिळ्यांची भोकं ओळीनं दिसतात. कॅशियरच्या खिडकीपुढं लाकूड हाताच्या घासण्यानं खोलगट झालंय. स्ट्राँगरूम एकाही बाहेरच्या भिंतीला टेकलेली नाही, तिच्या चारी बाजूंनी माणूस जाईल एवढी वाट आहे. बाहेरून भिंत फोडली तरी चोर त्या वाटेतच येणार. पोलादी दाराला दोन कुलपं आहेत, एक किल्ली मॅनेजरकडं, दुसरी हेड कॅशियरकडं. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा बँकेचा नियम त्या दारातच ओतलेला आहे.

दुकानदारानं त्या खोलीत पैठण्या ठेवल्या आहेत. तिला ना खिडकी ना ऊन, त्यामुळं रंग उडत नाही. काउंटरवर साड्या उलगडल्या जातात. हॉलला फॉल्स सीलिंग मारलेलं नाही, त्यामुळं वरचा उजेड अजून खाली येतो, आणि साडी घेणाऱ्या बायकांना तोच हवा असतो. कुजलेल्या तुळया त्यानं स्वतःच्या खर्चानं बदलल्या. मी कौतुक केलं ते याचं.

खरा धोका मागच्या भिंतीत आहे. काळा दगड आणि चुना अशी ती भिंत. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते, म्हणून कोल्हापूरच्या पावसात टिकते. बँकेच्या शेवटच्या काळात कुणीतरी तिला आतून सिमेंटचा गिलावा आणि वरून ऑइलपेंट मारला. मग 2019 चा महापूर आला. धोक्याची पातळी 43 फूट असताना राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांवर गेली, आणि 2021 मध्ये त्याहूनही वर. गल्लीत पाणी शिरलं, भिंतीनं ते प्यायलं, पण बाहेर पडायला वाट उरली नाही. आज तिथं हात लावला तर गिलाव्याचा पापुद्रा पोकळ वाजतो आणि मागचा चुना भुकटी होऊन सांडतो. समोरच्या भिंतीचे दगड उघडे आहेत, दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या आहेत. तिच्यावरही तेवढंच पाणी चढलं होतं, ती ठणठणीत आहे. विटंबना म्हणायचीच तर मी त्या सिमेंटला म्हणेन.

संग्रहालयाचं म्हणाल, तर आपल्या टाऊन हॉलकडं बघा. चार्ल्स मँटच्या आराखड्यावर ती इमारत 1872 ते 1876 मध्ये उभी राहिली, ती सभा-समारंभांसाठी. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये उत्खनन झालं, त्यातल्या वस्तूंसाठी संग्रहालय निघालं आणि पुढं ते टाऊन हॉलमध्ये आलं. म्हणजे तिथंही वापर बदललाच, आणि बदलला म्हणूनच इमारत राखली गेली. पण आधी वस्तू होत्या, मग त्यांना घर मिळालं. इथं आपण काय मांडणार? चार पितळी टोकनं आणि एक पासबुक? रिकाम्या संग्रहालयाला पहारेकरी मिळतो, कौलं शाकारणारा मिळत नाही. शिवाय ही खाजगी मालमत्ता आहे, मालकाला भाडं हवं. ते बंद झालं की पुढचा अर्ज पाडकामाचाच येईल. पेठेत असे किती वाडे गेले ते तुम्हीही बघितलंय.

एका मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. दर्शनी कमानीवर फ्लेक्स नको. कमानीच्या माथ्यावर दगडात कोरलेलं बँकेचं नाव त्यानं झाकलं जातं. मालकांशी बोललो, ते बोर्ड खाली, दाराच्या बाजूला घ्यायला तयार आहेत. तुमच्यासारख्या जुन्या खातेदारांनी सांगितलं तर लवकर घेतील, म्हणून तुम्हीही एकदा जाऊन या.

आणि एक काम आहे. पावसाळ्याआधी मागच्या भिंतीचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचं ठरलंय, पण चुना मळून मुरवून काम करणारा गवंडी मिळेना. जो येतो तो त्यात थोडं सिमेंट टाकू म्हणतो. पन्हाळ्याकडं किंवा जुन्या वाड्यांवर काम केलेला कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर इथंच खाली कळवा. मजुरी मालक देणार आहेत.