शेजारच्या टेबलावरचे प्रेम कसे पाहावे

उपाहारगृहात आपण जेवायला जातो, हा गैरसमज प्रथम मनातून काढून टाकावा. पोट घरीही भरते. बाहेर जायचे ते शेजारच्या टेबलावर कोणी कोणाचा हात धरला, किती वेळ धरला आणि वेटर आल्यावर तो सोडला की नाही, याची खातरजमा करण्यासाठी. म्हणून जागा निवडताना वारा, उजेड, खिडकीबाहेरचे दृश्य असल्या क्षुल्लक बाबींकडे लक्ष न देता, कोपऱ्यातले टेबल जिथून निर्वेध दिसते ती खुर्ची पटकवावी आणि सोबत आलेल्या माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवावे.

डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून भागेल, असे नवशिक्यांना वाटते. भागत नाही. माणसाची नजर आडवी 180 अंशांपर्यंत पसरत असली, तरी बारकावे टिपण्याची तिची ताकद मधल्या जेमतेम 2 अंशांत एकवटलेली असते. कडेने एवढेच कळते की काहीतरी हलले. ते बोट होते की चमचा, याचा निवाडा नजर तिकडे रोखल्याशिवाय होत नाही. त्यासाठी मेनूकार्ड आडवे धरावे. (ते एवढे मोठे छापतात ते याच सोयीसाठी, अशी माझी जुनी शंका आहे.)

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1963 मध्ये असे मांडले की, सार्वजनिक ठिकाणी अनोळखी माणसाची ओझरत्या नजरेने दखल घ्यावी आणि मग नजर काढून घ्यावी, हा सभ्यतेचा अलिखित संकेत आहे. यातला पहिला अर्धा भाग आपण निष्ठेने पाळतोच. नजर काढून घेण्याचा भाग मात्र ज्यांना समाजाची काळजी नाही, अशांसाठी असावा. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी सुमारे दीड फुटाच्या आतले अंतर जिव्हाळ्याच्या माणसांसाठी राखीव असल्याचे सांगितले आहे. तेव्हा त्या दोघांच्या खुर्च्या दीड फुटाच्या आत सरकल्या की आपण सावध व्हावे आणि हे मोजमाप नीट घेता यावे म्हणून आपलीही खुर्ची थोडी तिकडे सरकवावी.

ऐकण्याच्या बाबतीत एक अडचण आहे. एका वेळी दोन संभाषणे नीट ऐकू येत नाहीत. 1953 मध्ये कॉलिन चेरी या संशोधकाने दोन कानांत दोन वेगळी निवेदने ऐकवून हे दाखवले, तेव्हा लक्ष नसलेल्या कानातले बोलणे लोकांना जवळपास काहीच सांगता आले नाही. म्हणजे एका टेबलाचा त्याग करावाच लागतो. कोणत्या, हे सांगायला नको. समोरून येणाऱ्या बोलण्यावर अधूनमधून ‘हो ना’ म्हणत राहावे. प्रश्न विचारला गेला असेल, तर मात्र हे उत्तर महागात पडू शकते.

संताप व्यक्त करण्याची घाई करू नये. अर्धवट पाहून केलेला संताप कच्चा असतो. सगळे पाहून झाले, पुन्हा काही दिसण्याची आशा उरली नाही, की मगच ‘चारचौघांत हे असले चाळे!’ असे पुटपुटावे. सोबत मुले असतील, तर ती बहुधा ताटात रमलेली असतात आणि त्यामुळे त्यांच्यावर वाईट परिणाम होतो हे सिद्ध करता येत नाही. अशा वेळी त्यांना कोपराने ढोसून ‘तिकडे बघू नकोस’ असे बजावावे. ती हटकून बघतात.

यथावकाश ती जोडी बिल देऊन निघून जाते आणि त्या टेबलावर एखादे वृद्ध दांपत्य येऊन बसते. आजोबा चष्मा घरी विसरलेले असतात. आजी मेनूकार्ड हातात घेऊन त्यांना एकेक ओळ वाचून दाखवतात आणि त्यांना काय पचत नाही, ते न विचारताच गाळत जातात. इकडे पाहण्यात वेळ दवडू नये. त्यापेक्षा वेटरला हळूच विचारून घ्यावे, दारापाशी थांबलेले ते दोघे कोणत्या टेबलावर बसणार आहेत.